चवदार प्लास्टिक

फिश टँक कुठे ठेवायचा, हा प्रश्न तेरियोने हातातली कॉफी निवायच्या आत सोडवला. पंपाला प्लग हवा आणि घरातला एकमेव मोकळा प्लग जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर. म्हणून टाकी तिथे. ऊन लागणार नाही, येता-जाता धक्का बसणार नाही, जेवता जेवता मासे बघता येतील, असे तीन फायदे त्याने बायकोला ऐकवले. चौथी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही (महत्त्वाची गोष्ट त्याच्याकडे नेहमी चौथ्या नंबरावर असायची). ती म्हणजे, आपण फिलिपिन्समधल्या सेबू बेटाची माणसं आहोत.

सेबूत तुम्ही जेवत असाल आणि दारावरून कोणी गेलं, तर 'या जेवायला' म्हणावंच लागतं. मग तो ओळखीचा असो, परका असो, नाहीतर विजेचं बिल घेऊन आलेला असो. तो 'जेवलोय' म्हणतो आणि दोघेही सुटतात. समोरच्याला न विचारता घास तोंडात घालणाऱ्याची पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चर्चा होते. आता टाकीतले मासे तर ताटापासून हातभर अंतरावर. काचेला तोंड लावून ते टेबलाकडे टक लावून बसत. आणि 'जेवलोय' म्हणायची रीत माशांना कोणी शिकवलेली नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी तेरियोच्या सासूबाईंनी भाताचा घास उचलला, टाकीकडे पाहिलं आणि घास परत ताटात ठेवला.

"काय झालं, नानाय?" तेरियोने विचारलं. नानाय म्हणजे आई. सासूलाही तिथे हीच हाक.

"तोंडाकडे बघतायत रे माझ्या. असं कसं गिळायचं माणसानं?"

"मासे आहेत ते, नानाय."

"म्हणून काय त्यांना भूक नाही?" असं म्हणून नानायनी चार शितं पाण्यात सोडली. माशांनी त्यातली दोन गिळली. "बघ! उपाशी ठेवले होतेस तू."

तेव्हापासून टाकीची पंगत सुरू झाली. नानाय भात घालत. तेरियोची बायको लुदी शाळेतून दमून येई आणि पावाचा चुरा घाली. शेजारीपाजारी येत, काही ना काही कुस्करून जात. मासे दोन, यजमान अर्धी वस्ती. उरलेलं तळाशी कुजे, आणि खाऱ्या पाण्यात कुजलेलं अन्न म्हणजे शेवाळाला घरबसल्या खत. आधी दगड हिरवे झाले, मग पंपाची नळी, मग काच. तेरियो जुन्या ओळखपत्राच्या कडेने काच खरवडायचा. ती दुसऱ्या दिवशी परत हिरवी. महिना सरता सरता टाकी म्हणजे पालेभाजीचं पातेलं झालं, आणि आत मासे आहेत हे फक्त विश्वासावर.

तेरियोला याचं खरोखर वाईट वाटत होतं. त्याचं पूर्ण नाव एलेउतेरियो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो तक्रारी घ्यायच्या खिडकीवर बसायचा. दिवसभर लोक त्याला पाण्याबद्दल नाही नाही ते बोलत, आणि त्याने आत जाऊन सांगितलेलं साहेब ऐकत नसत. घरी लुदी वह्या तपासत असे, नानाय स्वयंपाकात. तो आला की मान वर करणारं कोणी नसे. पण ते दोन मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, त्याला बघताच काचेपाशी धावत येत, शेपट्या हलवत. त्याच्या येण्याने जागचे हलणारे घरात एवढे दोघेच जीव. हल्ली तेही येईनासे झाले होते. काच हिरवी, त्यांना आपण दिसणार कसे, अशी तेरियोने समजूत घातली होती. स्वतःचीच.

त्यातच लुदीने फर्मान काढलं. ती गणित शिकवायची, त्यामुळे तिच्या बोलण्यात 'बघू' हा शब्द नसे.

"वस्तीच्या संताचं फेस्त येतंय. सगळं गाव जेवायला येणार. त्या दिवशी मला या काचेतून मासा दिसला, तर टाकी राहील. नाही दिसला तर मासे समुद्रात, टाकी अंगणात आणि त्या प्लगवर कराओके."

"अगं, पण जरा वेळ..."

"वेळ दिलाय ना? फेस्तापर्यंत."

तेरियोने त्याच दिवशी घरात जाहीर केलं की यापुढे टाकीत कोणीही काहीही घालायचं नाही. माशांना तो स्वतः खाऊ घालील, चिमूटभर, तेही दिवसाआड. नानायनी ऐकून घेतलं आणि कपाळावर क्रूस केला. कुणाच्या आत्म्यासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग तेरियो ओंगच्या दुकानात गेला. ओंग रंगीत मासे विकायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायचा.

"गोगलगायी सोड," ओंग म्हणाला. "शंखातल्या, मोठ्या. काच चाटून साफ करतात."

तेरियोने पिशवीभर गोगलगायी आणल्या, ओट्यावर ठेवल्या आणि अंघोळीला गेला. त्या दिवशी जेवण फार सुंदर होतं. नारळाच्या रसात शेवग्याचा पाला, आलं, आणि त्यात काहीतरी चावून खायचं, गोडसर. तेरियोने दुसऱ्यांदा मागून घेतलं. बोटं चाटून झाल्यावर तो उठला आणि ओट्यापाशी जाऊन थांबला.

"नानाय, इथे गोगलगायी होत्या."

"होत्या ना. पहिल्या वाढीच्या आम्ही खाल्ल्या, दुसऱ्या वाढीच्या तू."

"त्या टाकीसाठी होत्या!"

"मग ओट्यावर कशाला ठेवल्यास? आणि जावयाने कधी नव्हे ते बाजारातून काही आणलंन्, म्हणून मी मेली दोन नारळ फोडले!"

 भांडायचं तर तेरियोचं तोंड अजून गोड होतं.

दुसऱ्या खेपेला ओंगने मासे दिले, चपटे, करड्या ठिपक्यांचे. शेवाळावर तुटून पडतात म्हणाला. तेरियोने पिशवी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. हे दांगित. वाळवलेलं दांगित तळून, सोबत लसणाचा भात आणि माडीचं व्हिनेगर, हा सेबूतल्या प्रत्येक घरचा नाश्ता. म्हणजे वाघाच्या गुहेत शेळी घेऊन जाण्यातला प्रकार. पण या वेळी तो शहाणा झाला होता. मासे नव्या पाण्याला सरावावेत म्हणून पिशवी बादलीत तरंगत ठेवली आणि नानायना समोर उभं करून बजावलं.

"नानाय, हे मासे खायचे नाहीत. कळलं? शेवाळ खातात हे."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर चव असते त्यांना."

"पण खायचे नाहीत!"

"नाही खाणार, बाबा. संताची शपथ."

कचेरीतून परतला तर बादली रिकामी. पत्र्यावर सुपात दांगित ओळीने मांडलेले, पोटं फाडून, मीठ लावून.

"नानाय! शपथ घेतली होतीत तुम्ही!"

"खाल्ले कुठे? वाळत घातलेत." नानाय खऱ्याच दुखावल्या होत्या. "पिशवीत जीव गुदमरत होता त्यांचा. वाया गेले असते."

तिसऱ्या खेपेला ओंगने समुद्रातला काटेरी गोळा दिला, काळा, मुठीएवढा. तेरियोने तो ओट्यावर ठेवला नाही की बादलीत ठेवला नाही. बुटांसकट आत आला आणि थेट टाकीत सोडला. गोळ्याने मात्र नाव राखलं. काचेला चिकटून तो हळूहळू वर चढू लागला, आणि त्याच्यामागे स्वच्छ काचेचा एक पट्टा उघडा पडू लागला. दुसऱ्या सकाळी त्या पट्ट्यातून एक नारिंगी शेपटी दिसली. तेरियोने लुदीला हाक मारून ती दाखवली. लुदी म्हणाली, "शेपटी दिसली. मासा अजून दिसायचाय." पण म्हणताना ती हसली, आणि तेरियो शीळ घालत कामावर गेला.

दुपारी लुदीचा थोरला भाऊ बितो माडीचा कॅन घेऊन आला. सगळे त्याला मानोय बितो म्हणत. मानोय म्हणजे दादा. तो घरी आला म्हणजे चकण्याचा प्रश्न येतो. संध्याकाळी तेरियोने पाहिलं, तर स्वच्छ पट्टा काचेच्या मधोमध येऊन थांबला होता. टेबलावर काळे काटे, चमचा आणि व्हिनेगरची वाटी.

"ये, तेरियो, बस!" मानोय बितो म्हणाला. "खूप घरं फिरलो, पण चकणा जिवंत ठेवणारं घर हे पहिलंच. शिकावं तुझ्याकडून. एक चमचा ठेवलाय तुझ्यासाठी."

तेरियोने तो एक चमचा खाल्ला. (रागावलेल्या माणसालाही भूक असते, आणि गोळा तर गेलाच होता.)

फेस्त आठवड्यावर आलं. वस्तीत पताका लागल्या. कराओकेवाला येऊन प्लग बघून गेला. तेरियो शेवटचा ओंगकडे गेला आणि काउंटरवर हात टेकून उभा राहिला.

"जे खाता येत नाही असं काही दे, ओंग."

"तुमच्या घरात तसं काही असतं का?" ओंगने पहिल्यांदाच मान वर केली. मग त्याने मागच्या टबातून हिरवागार गुच्छ काढला. बारीक बारीक मणी ओवल्यासारखा, पाणी निथळणारा. "काट्याने काटा काढायचा. शेवाळावर शेवाळच सोड. काचेवरच्या हिरव्याच्या तोंडचं अन्न हे ओढून घेईल."

तेरियोने डोळे मिटून घेतले. ते लातो होतं. मणी दाताखाली फुटतात, खारं पाणी जिभेवर येतं. कांदा, टोमॅटो आणि लिंबू पिळून लोक परातभर खातात. नानाय तर लातोसाठी चर्चमधून अर्ध्यावर उठून बाजार गाठत.

"उजेड हवा याला," ओंग सांगत होता. "पाणी हलतं हवं. दगडात नीट खोच. आणि हे बघ, मधूनमधून..."

पण तीन गोष्टी ऐकून झाल्या होत्या आणि तेरियो दाराबाहेर पडला होता. डोक्यात एकच विचार: हे सासूच्या नजरेतून वाचवायचं कसं? घरी पोचेपर्यंत त्याला युक्ती सुचली, आणि आयुष्यात सुचलेल्या युक्त्यांपैकी ही सगळ्यांत चांगली, असं त्याला वाटलं.

"नानाय, शोभेसाठी आणलंय. प्लास्टिकचं आहे."

नानाय वाकून टाकीत वरून बघत राहिल्या. "प्लास्टिकचं? अगदी लातोसारखं दिसतं रे."

"हल्ली हुबेहूब करतात."

"कारागीर चांगला असणार," नानाय म्हणाल्या आणि पदरासारखं गळ्यातलं फडकं सावरत आत गेल्या. तेरियोला आत जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि खरंच चमत्कार झाला. काच निवळू लागली. आधी कोपरे, मग मध्य. दगडांवरचं हिरवं झडू लागलं. एक विचित्र गोष्ट मात्र होती. ओंगच्या म्हणण्याप्रमाणे लातो झपाट्याने वाढायला हवं होतं, आणि ते जेवढं लावलं तेवढंच राहत होतं. तेरियोने त्यातून निष्कर्ष काढला की काच निवळतेय ती लातोमुळे नव्हे, तर त्याच्या दिवसाआड चिमटीच्या शिस्तीमुळे. कचेरीत त्याने दोघांना ही शिस्त समजावूनही सांगितली.

घरी जेवणही झकास चाललं होतं. रोज ताटात लातोची कोशिंबीर.

"बाजारात हल्ली लातो छान येतं वाटतं," तेरियो मणी फोडत म्हणाला.

"ओळखीचा माणूस आहे माझा," नानाय म्हणाल्या.

"कोण?"

"आहे एक. साधा आहे बिचारा."

लुदीला एकदम ठसका लागला. तेरियोने तिला पाणी दिलं.

वाचकांना आता सांगायला हरकत नाही. तेरियो कचेरीत गेला की नानाय जेवायला बसत, माशांना 'या जेवायला' म्हणून भात घालत, आणि मग कात्रीने लातोचे वाढलेले तुरे कापून घेत. भात माशांत जाई, माशांतून पाण्यात, पाण्यातून लातोत आणि लातोतून परत ताटात. काचेवरच्या शेवाळाला या व्यवहारात कुठे जागाच उरली नव्हती. हे नानायना ठाऊक नव्हतं आणि असतं तरी त्यांनी कोशिंबीरच केली असती. ओंग दुकानात जे चौथं सांगत होता ते हेच: मधूनमधून छाटत जा.

फेस्ताचा दिवस उजाडला. लुदी टाकीसमोर येऊन उभी राहिली, चष्मा वर केला, खाली केला. काच नव्या आरशासारखी लखलखत होती आणि आत दोन मासे, पट्ट्यांसकट.

"राहिली टाकी," लुदी म्हणाली. "कराओके खिडकीतून वायर ओढून लावू."

तेरियोचा ऊर भरून आला. त्याने नवा शर्ट घातला आणि टाकीशेजारी जागा धरली. पाहुणे विचारतील, मासे कुठले, काच एवढी साफ कशी, म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. घर भरलं. डुकराचं भाजलेलं कुरकुरीत कातडं दारातच संपलं. वस्तीप्रमुख आले, पोटावर हात ठेवून. सगळे टाकीपाशी थांबत होते, कौतुक करत होते, आणि तेरियो घसा साफ करत होता. पण त्याच्याकडे बघत कोणीच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा वरून आत, पाण्यात.

"ताजं आहे?" वस्तीप्रमुखांनी विचारलं.

"आताच्या आता," नानाय म्हणाल्या. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात वाडगा. त्यांनी पाण्यात हात घालून जुडीभर तुरे कापले, लिंबू पिळलं आणि वाडगा पुढे केला. वस्तीप्रमुखांनी घास भरला.

"नानाय!" तेरियो ओरडला. "ते प्लास्टिक आहे!"

 गाणारा माईक धरून गप्प झाला. वस्तीप्रमुखांचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले. गिळावं की थुंकावं, हा निर्णय त्यांना घेता येईना. तेरियोलाही कळेना की आपण हे का म्हणालो. इतके दिवस हे वाक्य तोंडात बसलं होतं, ते आपलं आपण बाहेर पडलं.

"हो, प्लास्टिकच आहे," नानाय शांतपणे म्हणाल्या. "जावयाने मुद्दाम लावलंय माझ्यासाठी. रोज कापते, रोज वाढतं. खा तुम्ही."

वस्तीप्रमुखांनी चावून बघितलं. मणी फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी गिळलं, ओठ पुसले आणि वाडगा परत पुढे केला.

"आमच्या हिला पण हवं हे प्लास्टिक. मिळतं कुठे?"

मग जे हसू फुटलं, ते थांबेचना. लुदी भिंतीला टेकून हसत होती, मानोय बितो टेबलावर थापा मारत होता. पाहुण्यांची रांग लागली. टाकीतलं लातो बुंध्यापर्यंत साफ झालं, आणि प्रत्येक जण जाताना नानायचा हात कपाळाला लावून (थोरांना तिथे असाच नमस्कार करतात) म्हणाला की असं फेस्त दुसऱ्या कुठल्या घरी झालं नाही. तेरियोला फक्त एकाने विचारलं, ते बाथरूम कुठे आहे म्हणून.

संध्याकाळी घर रिकामं झालं. नानाय म्हणाल्या, उद्या ओंगकडे जाऊन हे शेवाळ आणखी जोमानं वाढायला काही मिळतं का विचारून ये. तेरियो हो म्हणाला. तो थकला होता, पण मनात कुठेतरी समाधान होतं. टाकी राहिली होती. काच स्वच्छ होती. आता आड येणारं काही उरलं नव्हतं. लुदी भांडी आवरत होती, त्या वेळात तो टाकीसमोर उकिडवा बसला आणि त्याने काचेवर बोट टेकवलं.

मासे थांबले. दोघांनी त्याला नीट पाहिलं. एवढ्या स्वच्छ काचेतून चुकायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी त्याला ओळखलं, दिवसाआड चिमूट घालणारा तो हाच, आणि पाठ फिरवून दगडाआड निघून गेले.

इतक्यात मागे नानायनी खुर्ची ओढली. खुर्चीचा आवाज होताच दोघेही बाणासारखे बाहेर आले आणि काचेला तोंड लावून शेपट्या हलवू लागले.

"या जेवायला," नानाय म्हणाल्या. तेरियोने मान वळवली. त्या माशांशी बोलत होत्या.

 तेरियोने इकडेतिकडे पाहिलं, नानायच्या ताटातून भाताची मोठी चिमूट उचलली आणि हळूच पाण्यात सोडली. मासे आले. त्याच्या बोटांपाशी, थेट. त्याने दुसरी चिमूट उचलली.

नानायनी त्याच्या हातावर चमच्याने टकटक केलं.

"एवढं नको रे घालू, तेरियो," त्या म्हणाल्या. "शेवाळ धरतं."